सत्राचे पंधरा आठवडे: वेळ आखण्याची कृती

जून-जुलैत कॉलेज सुरू झालं की अनेकांच्या टेबलासमोर भिंतीवर एक वेळापत्रक चिकटतं. पाचला उठणे, सव्वापाच ते सात अभ्यास, संध्याकाळी सहा ते नऊ पुन्हा अभ्यास. तीन-चार दिवसांत ते मोडतं आणि मुलं स्वतःला आळशी ठरवतात. हे पाहून फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा आळसाचा प्रश्न नसतोच. ते वेळापत्रक अशा कुणासाठी तरी आखलेलं असतं, ज्याला लोकल पकडायची नाही, घरात पाणी भरायचं नाही आणि कधी तापही येत नाही.

म्हणून या कृतीत आधी आपला खरा आठवडा कागदावर उतरवायचा आणि मग त्यात अभ्यासाला जागा शोधायची. हिशोब डोळ्यांसमोर राहावा यासाठी एक उदाहरण धरू: बदलापूरला राहणारी, दादरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी करणारी मुलगी. शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन ती स्वतःचा खर्च भागवते. तुम्ही पुण्यात होस्टेलवर असाल, कॉमर्सचं सकाळचं कॉलेज करून दुपारी दुकानात काम करत असाल किंवा गावाहून एसटीने ये-जा करत असाल, तर आकडे बदलतील. पायऱ्या त्याच राहतील.

साहित्य

एक शंभर पानी वही. एक मोठा कोरा कागद, जुन्या भिंतीवरच्या कॅलेंडरची मागची बाजूही चालेल. पेन, पेन्सिल, खोडरबर. कॉलेजने जाहीर केलेलं सत्राचं वेळापत्रक आणि प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम. नियोजनाचं ॲप लागत नाही. ज्या फोनमध्ये वेळ जातो तोच वेळ आखायला उघडला, की पाच मिनिटांत आपण दुसरीकडेच असतो.

१. आठवडाभर फक्त नोंद ठेवा

वहीच्या एका पानावर एक दिवस. पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ ओळी आखा. भारताच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळ-वापर सर्वेक्षण केलं, त्यात दिवस असाच मोजला होता: पहाटे चारपासून, तीस-तीस मिनिटांच्या तुकड्यांत. आपलीही पद्धत तीच ठेवू.

दिवसातून तीनदा ओळी भरा: शेवटचं लेक्चर संपल्यावर, घरी पोहोचल्यावर आणि झोपण्याआधी. दिवसभराचं एकदम रात्री लिहायला बसलात तर निम्मं आठवणार नाही, आणि जे आठवेल ते थोडं सजवलेलं असेल. ‘अभ्यास’ असा मोघम शब्द लिहू नका. ‘नोट्स उतरवल्या’, ‘गणितं सोडवली’, ‘पुस्तक उघडं, मैत्रिणीशी बोलत होते’ असं लिहा. फोनचा आकडा स्वतःच्या अंदाजाने घालू नका. अँड्रॉइडवर ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’ उघडा आणि तिथला आकडा जसाच्या तसा उतरवा.

या आठवड्यात काहीही सुधारायचं नाही. रात्री दोनपर्यंत व्हिडिओ पाहिले असतील तर तेच लिहायचं. ही वही कुणाला दाखवायची नाही, त्यामुळे तिच्यात चांगलं दिसायचंही कारण नाही.

२. १६८ तासांचा ताळेबंद मांडा

आठवड्यात १६८ तास. नोंदीतून ठरलेला खर्च एकेक करून वजा करा. आपल्या उदाहरणातल्या मुलीचा घरापासून कॉलेजपर्यंतचा प्रवास असा: रिक्षा आणि गाडीची वाट पाहणं २५ मिनिटं, लोकल ६५ मिनिटं, पुढे चालणं १० मिनिटं. एका बाजूची १०० मिनिटं, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे पूर्ण २० तास. बाकीचा खर्च असा:

झोप, रोज साडेसात तास: ५२.५
कॉलेजात, मधल्या मोकळ्या तासांसह: ३३
प्रवास: २०
अंघोळ, जेवण, आवराआवर, रोज अडीच तास: १७.५
घरकाम, रोज दीड तास: १०.५
शिकवण्या: ५

बेरीज १३८.५. शिल्लक २९.५ तास.

हा आकडा नीट पाहा. फोन रोज तीन तास असेल तर आठवड्याचे २१ तास तिथेच जातात आणि उरतात साडेआठ. अशा वेळी ‘मन लागत नाही’ असं वाटतं. खरं तर मन लावायला वेळच उरलेला नसतो.

झोपेचा आकडा सगळ्यात आधी लिहिला आहे तो मुद्दाम. वेळ कमी पडला की आपण पहिला हात झोपेला घालतो. दिवसभर शिकलेलं डोक्यात पक्कं होण्याचं बरंच काम झोपेतच चालतं. त्यामुळे झोप कापून केलेला अभ्यास त्याच अभ्यासाच्या मुळावर येतो.

३. अभ्यासाला किती तास हवेत ते क्रेडिटवरून काढा

‘भरपूर अभ्यास करायचा’ हे माप नाही. माप तुमच्या अभ्यासक्रमातच दिलेलं आहे. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटमागे ३० तासांचं शिकणं धरलं आहे. थिअरीच्या एका क्रेडिटला सत्रात १५ तास वर्गात जातात आणि उरलेले १५ तुम्ही स्वतः द्यायचे असतात. प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटचे ३० तास प्रयोगशाळेतच जातात.

आपल्या मुलीची सत्राला २२ क्रेडिट आहेत, १६ थिअरीची आणि ६ प्रॅक्टिकलची. शिकण्याचे एकूण तास ६६०. वर्गात २४० आणि प्रयोगशाळेत १८०, मिळून ४२०, म्हणजे आठवड्याला २८ तास. उरले २४०. पंधरा आठवड्यांत ते वाटले की आठवड्याला १६ तास स्वतःचा अभ्यास. जर्नल लिहिणंही त्यातच आलं.

१६ तास हवेत, शिल्लक आहेत २९.५. म्हणजे बसतं. अनेकांच्या बाबतीत हा हिशोब कागदावर उतरला की मनावरचं ओझं हलकं होतं, कारण ‘काहीच होणार नाही’ ही भीती आकड्यांपुढे टिकत नाही. तुमच्या हिशोबात बसत नसेल तर तेही आजच कळलेलं बरं. मग नोकरीचे तास, प्रवास किंवा घरकाम यांपैकी काय हलवता येईल ते सत्राच्या सुरुवातीलाच पाहता येतं.

४. सत्राचा कागद भरा

मोठ्या कागदावर पंधरा रकाने आखा, एका रकान्यात एक आठवडा. ज्या तारखा हलणार नाहीत त्या पेनाने लिहा: इंटर्नल, सबमिशन, प्रॅक्टिकल परीक्षा, व्हायवा, थिअरीचे पेपर. मग गणपती, नवरात्र, घरातलं लग्न, एनएसएसचं सात दिवसांचं निवासी शिबिर, कॉलेजचा महोत्सव. हे दिवस अभ्यासाचे नाहीत, हे आधीच मान्य करून टाका. गौरी-गणपतीत कोकणात गावी जाणाऱ्या मुलाने त्या आठवड्यात प्रोजेक्ट लिहिण्याचा बेत करू नये.

आता प्रत्येक सबमिशनपासून उलटं मोजा. इथे एक संशोधन उपयोगी पडतं. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो कधी पूर्ण होईल असं विचारलं होतं. सरासरी अंदाज आला सुमारे ३४ दिवसांचा. सगळंच बिनसलं तर किती लागतील, यावर उत्तर आलं ४९ च्या आसपास. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ हून अधिक. वाईटात वाईट गृहीत धरलेला अंदाजही कमीच पडला. ही मुलं वर्षभर त्याच विषयात होती, हुशार होती. तरी अंदाज चुकला, कारण अंदाज करताना आपल्याला फक्त काम दिसतं, त्याच्या आड येणाऱ्या गोष्टी दिसत नाहीत.

म्हणून नियम असा: मनात येईल त्याच्या दीडपट वेळ कागदावर लिहायचा. प्रोजेक्ट दहाव्या आठवड्याच्या सुरुवातीला द्यायचा आहे आणि चार आठवडे पुरतील असं वाटतं, तर सहा धरा. म्हणजे चौथ्या आठवड्यात सुरुवात.

जर्नलचा नियम वेगळा आणि कडक आहे. ज्या दिवशी प्रॅक्टिकल झालं, त्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी लिहून टाकायचं. आज निरीक्षणं ताजी असतात, ब्युरेटचं रीडिंग डोळ्यांसमोर असतं, लिहायला तास-दीड तास पुरतो. सत्राच्या अखेरीस बारा प्रयोगांची जर्नल्स एकदम लिहायची तर १५-१८ तास जातात, तेही नेमके परीक्षेच्या तोंडावर. शिवाय दुसऱ्याचं उतरवलेलं जर्नल व्हायवाला उघडं पडतं.

५. घरच्यांशी बोला

वेळेबद्दलच्या सल्ल्यांमध्ये ही पायरी फारशी सापडत नाही. मला मात्र ती फार महत्त्वाची वाटते. कॉलेजला जाणाऱ्या मुलीचा वेळ घरात बहुधा ‘मोकळा’ समजला जातो. पाहुणे आले, तिने उठायचं. धाकट्याचा अभ्यास, तिने घ्यायचा. वर सांगितलेल्या २०१९ च्या सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बायका-मुली दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनमोबदला घरकामात देतात आणि पुरुष-मुलगे ९७ मिनिटं, असं दिसलं. म्हणजे एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या बहीण-भावाला मिळणारा आठवडा सारखा नसतो. ही गोष्ट ‘नीट नियोजन कर’ एवढं सांगून मिटणारी नाही.

ताळेबंदाचं पान घेऊन आई-बाबांसोबत बसा. रविवारी दुपारी जेवणानंतर, सगळे निवांत असताना. तक्रार करू नका, पान दाखवा. ‘आई, आठवड्याला सोळा तास अभ्यासाला लागतात. सोमवार ते शुक्रवार रात्री नऊ ते दहा मला कुणी हाक मारली नाही तर पाच तास तिथेच होतील. भांडी मी जेवणाआधी घासून ठेवीन, नंतरचं दादाने बघावं.’ मागणी अशी ठरावीक वेळेची आणि ठरावीक कामाची असावी. ‘मला अभ्यासाला वेळ द्या’ या वाक्यावर घर हो म्हणतं आणि संध्याकाळी विसरतं. ‘नऊ ते दहा’ लक्षात राहतं.

मुलग्यांसाठीही ही पायरी आहे, उलट्या दिशेने. तुमच्या पानावर घरकामापुढे शून्य असेल तर ते तास घरातलं दुसरं कुणीतरी भरत असतं. पान घेऊन बसताना त्यातलं काय उचलाल, तेही सांगा.

६. रविवारी संध्याकाळी पुढचा आठवडा बसवा

अर्धा तास पुरतो. सत्राच्या कागदावरून येत्या आठवड्याची कामं वहीत उतरवा आणि १६ तासांना दिवस आणि जागा नेमून द्या. जागा लिहिणं महत्त्वाचं. ‘मंगळवार, दुपारी १, लायब्ररी’ असं लिहिलं की पाय तिकडे वळतात.

आपल्या मुलीला लेक्चरच्या मधले पाच तास मोकळे मिळतात. ते कॉलेजच्या ३३ तासांत मोजलेलेच आहेत, त्यामुळे कँटीनऐवजी वाचनकक्षात गेले तर ५ तास तिथेच झाले. उरले ११. सोमवार ते शुक्रवार रात्री नऊ ते दहा, ५. शनिवारी २. रविवारी सकाळी ४. झाले सोळा, आणि २९.५ पैकी साडेअठरा तास अजून शिल्लक आहेत. मैत्रिणी, सिनेमा, फोन, उशिरा आलेली गाडी, डोकेदुखी या सगळ्यांची सोय त्या साडेअठरात आहे. ते भरून टाकण्याचा मोह आवरा. मोकळी जागा ठेवलेला आठवडाच टिकतो.

७. तुकड्याला साजेसं काम द्या

रविवारची सकाळ हा आठवड्यातला सगळ्यात मोलाचा तुकडा. डोकं ताजं, हाक मारणारं कुणी नाही. तिथे सगळ्यात अवघड विषय ठेवा: अभिक्रियांच्या यंत्रणा, सिद्धता, न समजलेलं प्रकरण. नोट्स नीटनेटक्या करणं, झेरॉक्स लावणं असली कामं त्या वेळेत करू नका. ती थकलेल्या संध्याकाळी होतात.

सकाळच्या गर्दीत लेडीज डब्यात उभं राहून पुस्तक उघडता येत नाही, म्हणून लोकलचे तास सोळात धरलेले नाहीत. पण पुस्तकाविना आठवून पाहता येतं. कालच्या लेक्चरमध्ये काय झालं? पहिला मुद्दा, दुसरा, उदाहरण कोणतं होतं? हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवलं, की पाठ केलेल्यातलं बरंचसं पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसातच निसटतं. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा-पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा आठवड्यांनी येते, म्हणून हायलाइटर कमी आणि कोरा कागद जास्त वापरा. लेक्चरच्या दिवशी दहा मिनिटं, दोन-तीन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने.

८. काम एवढं लहान करा की सुरुवात होईल

‘ऑरगॅनिक करायचं’ हे काम नव्हे, ते पूर्ण सत्र आहे. वहीत असं लिहा: ‘एसएन१ आणि एसएन२ यांच्या यंत्रणा न बघता काढणे, मग तपासणे.’ हात कुठे घालायचा हे कळलं की टाळाटाळ बरीच गळते.

सुरुवातच होत नसेल तर घड्याळ लावा. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवर वेळ लावून अभ्यास करायला सुरुवात केली. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. तीच पुढे पोमोदोरो पद्धत म्हणून जगभर पसरली. वाचनाला आणि पाठांतराला ती चांगली. गणितं किंवा प्रोग्रामिंग करताना मात्र विचार रंगात येतो तोच घंटा वाजते. तिथे ५० मिनिटं लावा. फोन दुसऱ्या खोलीत. एकाच खोलीचं घर असेल तर बंद करून कपाटात.

९. एकच मोठी गोष्ट निवडा

कॉलेजची वर्षं फक्त पेपरांसाठी नसतात. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी, महोत्सवाची धावपळ, एनएसएस यांतून जे मिळतं ते कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. फक्त त्यांचेही तास मोजा. एनएसएसला वर्षाचे १२० तास द्यावे लागतात. तालमी सुरू झाल्या की रोजचे तीन-चार तास जातात. एका सत्रात एकच मोठी गोष्ट घ्या, बाकीच्या मित्रांना ‘या सत्रात नाही, पुढच्यात नक्की’ असं आत्ताच सांगा.

हजेरीचा हिशोबही मांडून ठेवा. चार क्रेडिटच्या विषयाच्या ६० तासिका, ७५ टक्के हजेरीची अट, म्हणजे जास्तीत जास्त १५ गैरहजेऱ्या. आठवड्याला चार तासिका असतील तर महोत्सवाच्या दोन आठवड्यांत आठ संपल्या. उरलेल्या सात आजारपणासाठी राखा, नाहीतर डिफॉल्टरच्या यादीत नाव येतं.

१०. आठवडा मोडला तर

मोडणारच. अशा वेळी राहिलेले दहा तास पुढच्या आठवड्याच्या सोळात मिळवून सव्वीस करू नका, तोही आठवडा मोडेल. राहिलेल्या कामांपुढे तीनपैकी एक खूण करा: सोडलं, लहान केलं, हलवलं. उतरवून काढायच्या नोट्स सोडता येतात. दोन प्रकरणांऐवजी एकाचेच मुख्य मुद्दे, हे लहान करणं. हलवायचं ते साडेअठरा मोकळ्या तासांत, तेही चारच्या वर नाही.

मागच्या सत्रातली केटी असेल तर तो विषय मोडलेल्या आठवड्यात सगळ्यात आधी बाजूला पडतो. त्याला रविवारच्या सकाळचा एक तास कायमचा देऊन टाका.

११. परीक्षेचा पंधरवडा

नवीन प्रकरण उघडणं थांबवा. विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका घ्या, वेळ लावून सोडवा. झोप साडेसात तासच ठेवा.

शेवटचा पेपर झाल्यावर सत्राचा कागद फेकू नका. सुट्टी लागायच्या आधी प्रत्येक प्रोजेक्ट, प्रत्येक सबमिशनपुढे दोन आकडे लिहा: किती वेळ लागेल असं वाटलं होतं आणि किती लागला. दुसऱ्याला पहिल्याने भागा. कुणाचं उत्तर १.३ येईल, कुणाचं २. पुढच्या सत्राचा कागद आखताना चौथ्या पायरीतल्या दीडपटीच्या जागी तो आकडा घाला.